मायोर्का बेटावर सायकलसाठी एक आठवडा आहे. कोणते रस्ते आणि कोणत्या क्रमाने करावेत?

आपल्याला एप्रिलमध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर एक आठवडा मिळणार आहे, सपाट रस्त्यावर ८० किलोमीटरपर्यंतची सवय आहे, घाटांचा अनुभव मात्र बेताचा आहे. म्हणून आधी किनाऱ्याचे सोपे रस्ते करून शेवटी आतल्या डोंगरांत शिरावे का, असे आपण विचारले आहे. मी या बेटावर दोनदा सायकल चालवली आहे आणि पहिल्या खेपेस नेमकी हीच समजूत घेऊन गेलो होतो. ती पहिल्याच दिवशी मोडली.

मायोर्कात किनारा म्हणजे सपाटी नव्हे. सेर्रा दे त्रामुंताना ही सुमारे ९० किलोमीटर लांबीची डोंगररांग वायव्य किनाऱ्याला अगदी खेटून उभी आहे, तिची सर्वांत उंच शिखरे १,४०० मीटरच्या घरात जातात आणि तिचे कडे अनेक ठिकाणी थेट समुद्रात उतरतात. त्यामुळे तिकडचा किनारी रस्ता हा सबंध घाटच आहे. सपाट प्रदेश आहे तो बेटाच्या मध्यभागी, सिनेऊ, पेत्रा अशा गावांभोवती. म्हणजे आपल्या मनातला क्रम ठीक आहे, फक्त सोपे रस्ते आत आहेत आणि अवघड रस्ते समुद्राकाठी. मुक्कामासाठी मी ईशान्येकडचे पोर्त दे पोयेन्सा सुचवीन, कारण डोंगर आणि मैदान दोन्ही तिथून दारातून निघून गाठता येतात.

पहिला दिवस कांपानेत आणि सिनेऊच्या बाजूच्या शेतवाटांवर घालवावा. दगडी गडग्यांमधून जाणारे हे अरुंद डांबरी रस्ते जवळजवळ निर्मनुष्य असतात, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने जाण्याची सवय लावून घ्यायला त्यांच्यासारखी दुसरी जागा नाही. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. खरी चूक होते ती फाट्यावर डावीकडे वळताना, किंवा थांबून फोटो काढल्यावर पुन्हा निघताना. भाड्याच्या सायकलीचे ब्रेकही तपासून घ्यावेत. तिकडे बहुधा डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आणि ज्याच्या हाताला उलटी सवय आहे त्याने उतारावर घाईत भलताच ब्रेक दाबला तर प्रसंग ओढवतो.

या मैदानी दिवसात वाऱ्याचा हिशोब मात्र चुकवू नये. दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. बेटाच्या मध्यातून दुपारी उपसागराकडे परतणाऱ्याला हा खारा वारा समोरूनच लागतो. मी दुपारी दोनला सिनेऊहून निघालो आणि सपाट रस्त्यावर घाटाइतकाच दमलो. सकाळी लवकर निघून जेवणाच्या वेळेपर्यंत परतणे बरे.

दुसऱ्या दिवशी फोर्मेंतोर या भूशिराच्या टोकावरील दीपगृहापर्यंत जावे. अंतर एका बाजूने सुमारे २० किलोमीटरच आहे, पण रस्ता सतत चढतो-उतरतो आणि जाऊन-येऊन चढाई आठ-नऊशे मीटर भरते. परतीचा मार्ग तोच असल्यामुळे जाताना मिळालेला प्रत्येक उतार येताना चढावा लागतो, हे लक्षात ठेवूनच जोर वापरावा. वाटेत बोगदा आहे, तेव्हा पुढचा-मागचा दिवा हवा. रस्त्यावर बकऱ्या अचानक आडव्या येतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत दिवसा खासगी मोटारींना इथे मज्जाव असतो, सायकलींना नसतो. एप्रिलमध्ये मोटारी असतील असे धरून पहाटेच निघावे.

तिसऱ्या दिवशी पहिला खरा घाट. पोयेन्सा गावाहून फेमेनिया खिंडीमार्गे युकच्या मठाकडे चढावे आणि काइमारीकडे उतरून कांपानेतमार्गे परतावे. फेमेनियाचा चढ सुमारे साडेसात किलोमीटरचा आणि सरासरी साडेपाच टक्क्यांचा, म्हणजे दर शंभर मीटरला साडेपाच मीटर उंची चढणारा आहे. आपल्या पायांना कोणता गिअर लागतो, पाणी किती लागते आणि उतारावर हात किती आखडतात, हे सगळे तो एकाच सकाळी दाखवतो. हा दिवस जड गेला, तर पुढचा बेत बदलायला अजून वेळ असतो.

कारण पुढचा बेत म्हणजे डोंगरातून समुद्रापर्यंत उतरणारा सा कालोब्राचा घाट. एक दिवस विश्रांती किंवा मैदानातली हलकी फेरी करून पाचव्या दिवशी तिकडे जावे. आंतोनी पारिएत्ती या अभियंत्याने आखलेला हा रस्ता १९३२ साली झाला. त्यात एके ठिकाणी रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो, आणि त्या वळणाला तिकडे ‘टायची गाठ’ म्हणतात. इथली गंमत अशी की आधी उतार आणि मग चढ. खिंडीतून समुद्रापर्यंत साडेनऊ किलोमीटर घरंगळत जायचे आणि तेच साडेनऊ किलोमीटर सरासरी सात टक्क्यांनी चढून यायचे. दुसरा रस्ताच नाही. पोर्त दे पोयेन्साहून पूर्ण फेरी ९० ते १०० किलोमीटरची होते आणि एकूण चढाई २,००० मीटरच्या पुढे जाते. पुढे पॅडलजवळ ३४ दात्यांची लहान चेनरिंग (साखळीचे चाक) आणि मागच्या चाकावरच्या कॅसेटमध्ये (दातेरी चकत्यांच्या संचात) सर्वांत मोठी चकती किमान ३२ दात्यांची असल्याशिवाय, सपाटीची सवय असलेल्याने इकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळ सरली की पर्यटकांच्या बसगाड्या वळणांवर अडकून बसतात, म्हणून दहाच्या आत तळाशी पोहोचावे. चढताना कड्यांच्या मधल्या भागात वारा पडतो आणि ऊन दगडावरून परावर्तित होऊन अंगावर येते. तळाशीच दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात.

सोयेर गावाहून पुच माजोर या बेटावरच्या सर्वांत उंच शिखराकडे जाणारा १४ किलोमीटरचा चढ मी या खेपेस सोडून द्यायला सांगेन. तो सा कालोब्रापेक्षा तीव्र नाही, पण लांब आहे, आणि एका आठवड्यात दोन्ही केले की दुसऱ्याची आठवण फक्त थकव्याची राहते.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचे आहे. मोटारचालकांनी सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक जण पाळतात. एप्रिलच्या अखेरीस ‘मायोर्का ३१२’ ही मोठी सायकल फेरी भरते आणि तिच्यासाठी डोंगरातले रस्ते त्या दिवशी बंद असतात. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तिची तारीख पाहावी. एक पातळ वारारोधक जाकीट खिशात असू द्यावे, कारण किनाऱ्यावर घाम निथळत असला तरी ढगाळ सकाळी खिंडीवरून उतरताना बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबणे जड जाते.