जुनी पिकअप ५५-६० ला थरथरते, टायर बदलले तरी जात नाही. नेमकं काय बघावं?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्या आहेत आणि मला दुखणं तिथंच दिसतंय. गाडी २०११ ची, ५५ च्या पुढे सीटखालून थरथर आणि घुंई आवाज, ७० ला जरा कमी. चारही टायर नवे, बॅलन्सिंग-अलाइनमेंट दोनदा, फरक शून्य. आणि जाता जाता काय, तर दिवाळीआधी क्लच प्लेट टाकली आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू व्हायच्या आत मागच्या दोन्ही स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी रिकामी असली की जास्त थरथरते, हेही तुम्हीच लिहिलंय.

मी बरीच वर्षं नागपूरजवळच्या वाडीला गॅरेजात काम केलं, आता स्वतःची पिकअप कळमना बाजाराच्या मालाला लावतो. आपल्याकडे थरथर म्हटली की आधी टायरवाल्याकडे जायची रीत आहे. तिथं पैसे जातात, थरथर जात नाही. म्हणून यापुढे एकही पार्ट विकत घेण्याआधी एवढं पक्कं करा, की ही थरथर गाडीच्या वेगाबरोबर बदलते, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते, की ॲक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याबरोबर.

आउटर रिंग रोडला पहाटे, मागे ट्रक नसताना, सपाट पट्टा बघून जा. चौथ्या गिअरमध्ये ६० ला आणा, थरथर येऊ द्या. मग वेग तोच ठेवून पाचवा टाका. इंजिनाच्या फेऱ्या पडतील. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, त्यांच्यामागे लागू नका. चौथ्यात बहुतेक गाड्यांचं इंजिन आणि शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे फक्त चौथ्यात चालवून काहीच कळत नाही. मग क्लच दाबून गाडी वाहू द्या. चावी मात्र बंद करायची नाही, ब्रेकचा बूस्टर जातो आणि स्टेअरिंगही लॉक होऊ शकतं. नुसती वाहतानाही थरथरली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, हाउसिंग (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा आणि ॲक्सल) किंवा चाकं. वाहताना कमी होते आणि ॲक्सिलरेटर देताच वाढते, तर शाफ्टचे जॉइंट आणि त्यांचा कोन.

उभ्या गाडीतही एकदा न्यूट्रलला हळूहळू रेस द्या. तीच थरथर उभ्या उभ्या आली तर इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सचं माउंटिंग किंवा नीट न बसलेली प्रेशर प्लेट. क्लचचं काम झालंय, म्हणून हे सोडू नका.

आता चाक आणि शाफ्ट यांतला फरक. पिकअपच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला सात-साडेसात वेळा फिरतं. हाउसिंगचा रेशो चारच्या आसपास असतो, म्हणजे शाफ्ट त्याच वेळी तीसेक फेऱ्या मारतो. सात फेऱ्यांचा दोष हाताला जवळजवळ मोजता येतो, स्टेअरिंग डुगडुगतं, बॉनेट हलताना दिसतं. तीस फेऱ्यांचा मोजता येत नाही, तो तळपायात आणि सीटमध्ये झिणझिणतो, आरशातलं चित्र फिस्कटतं. तुम्ही लिहिलंय 'सीटखालून' आणि 'आरसा हलतो'. स्टेअरिंगचा उल्लेखसुद्धा नाही. टायर बदलून फरक पडणार कसा?

आवाजाचं एक सांगतो. नागपुरात सिमेंटचे रस्ते इतके झालेत की निम्म्या घुंईचा दोष गाडीचा नसतो. सिमेंटवरून डांबरावर उतरताना आवाज बदलला तर तो टायरचा. हब बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, ते वळणावर बोलतं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. गाडी थांबवल्यावर हबला उलटा हात अलगद लावून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा खूप तापली असेल तर ती आधी उघडा.

आता शाफ्ट. क्लच टाकताना गिअरबॉक्स उतरवतात, त्यासाठी शाफ्ट सोडावा लागतो. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर स्लिप जॉइंट (दातांवर मागेपुढे सरकणारा सांधा) निसटून हातात येतो आणि दातांवर तो कुठल्याही दातात परत बसतो. बसायला हवा एकाच ठिकाणी. क्रॉस (शाफ्टच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) कोनात फिरताना शाफ्टचा वेग दर फेरीला दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. पुढच्या क्रॉसचा हा हिसका मागचा क्रॉस फेडतो, पण दोन्हीकडचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील तरच. एक-दोन दात इकडेतिकडे झाले की फेड होत नाही आणि ठरावीक वेगाला गाडी झिणझिणायला लागते. चांगला मिस्त्री सोडण्याआधी छिन्नीने दोन्ही तुकड्यांवर खूण मारतो. खूण नसेल तर गाडीखाली जाऊन, चाकाला ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवून योक डोळ्यांनी जुळवून बघा. जुळत नसले तर ही दुरुस्ती फुकटात होते.

खाली गेलातच तर क्रॉसच्या टोप्यांकडे नीट बघा. टोपीच्या कडेला विटकरी रंगाची कोरडी भुकटी दिसली तर आतली सुई-बेअरिंगं ग्रीस संपून गंजलीत. हाताने शाफ्ट वर-खाली आणि उलटसुलट हलवा, क्रॉसमध्ये थोडीही खडखड नको. मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात, ४५ डिग्रीच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर, रबर आधी कडक होतं आणि मग फाटतं. फाटलं की शाफ्ट मध्येच खाली लोंबतो. शाफ्टच्या नळीवर छोट्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, ते बॅलन्सिंगचं वजन. पट्टीच्या जागी नुसता चौकोनी डाग दिसला तर ती गळून पडलीय आणि शाफ्ट बॅलन्सिंगलाच न्यावा लागेल.

वाढवलेल्या पाट्यांचं गणित असं, की पाटा वाढवला की मागची बॉडी उचलली जाते, हाउसिंग तिच्या मानाने खाली जातं आणि शाफ्टचा कोन वाढतो. माल भरला की बॉडी बसते, कोन सुधारतो. रिकामी असताना जास्त, भरल्यावर कमी, हे तुमचंच वर्णन. पाटे टाकल्यावर दोन-चार दिवस गाडी चालवून यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळणारे) पुन्हा कसले होते का, तेही बघा. सैल राहिले तर सेंटर बोल्टवर ताण येऊन हाउसिंग सरकतं. हवं तर पाटे आणि हाउसिंग यांच्यामध्ये उताराची पट्टी टाकून पिनियनचा (शाफ्ट ज्याला जोडतात त्या हाउसिंगमधल्या दातेरी चाकाचा) कोन दुरुस्त करता येतो, पण रोज पूर्ण लोड नसेल तर मी तो पाटा सरळ काढून टाकीन.

क्रम असा ठेवा: आधी योकची रेषा, मग यू-बोल्ट आणि माउंटिंग, मग सेंटर बेअरिंग, मग क्रॉस, सगळ्यात शेवटी बॅलन्सिंग. हाउसिंग उघडायची घाई नको. क्राऊन-पिनियनचा आवाज किंचाळल्यासारखा असतो, ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

तोवर काटोल-नरखेडच्या फेऱ्या ५० च्या आतच करा. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्याला अडतं आणि भरलेली गाडी उचलली जाऊ शकते. क्रॉसमध्ये खडखड लागली तर ५० ची सवलतसुद्धा घेऊ नका, गाडी उभी करा आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा.