घरच्या मैदानाआधीच माघार का?

प्रश्न : २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे पुराणमतवादी नेते रिक सँटोरम ११ राज्यं जिंकूनही उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडले. कारण मुलीचं आजारपण होतं, की हरण्याची भीती? आणि त्यांना मिळालेल्या मतांचं पुढे काय झालं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही कारणं खरी आहेत. एक मान्य केलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

त्या वसंतात मी लेकीच्या बाळंतपणासाठी पिट्सबर्गला होते. पेनसिल्व्हेनिया हे सँटोरम यांचं स्वतःचं राज्य. इथूनच ते दोनदा सिनेटवर निवडून गेले. त्यांचे आजोबा इटलीहून येऊन इथल्या कोळशाच्या खाणीत राबले, ही गोष्ट त्या भागात घरोघरी माहीत होती. शेजारच्या आजी पोलाद कारखान्यातल्या कामगाराच्या विधवा, नेमाने चर्चला जाणाऱ्या. त्यांना सँटोरम आपल्यातलेच वाटत.

पण याच राज्याने २००६ मध्ये त्यांना सतरा टक्क्यांहून अधिक मतांच्या फरकाने पाडलं होतं. इथली प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान, २४ एप्रिलला होती. ३ एप्रिलला विस्कॉन्सिन आणि मेरीलँड हातचं गेलं. उमेदवारीसाठी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात मत देणारे ११४४ प्रतिनिधी लागत होते. शर्यतीत आघाडीवर असलेले प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांनी त्यातला निम्म्याहून जास्त पल्ला गाठला होता आणि सँटोरम यांच्याकडे रॉम्नींच्या निम्मेही नव्हते. पैशाचीही चणचण होती. मार्चच्या सुरुवातीला ओहायो अगदी थोडक्यात निसटलं, तिथेच खरं तर पारडं फिरलं असं माझं मत आहे. शिवाय व्हर्जिनियात त्यांचं नाव मतपत्रिकेवरच आलं नाही आणि ओहायोतल्या काही मतदारसंघांत प्रतिनिधींचे अर्जच पुरे भरले गेले नव्हते. मनुष्यबळ नसलेल्या मोहिमेला असे फटके बसतातच.

आता मुलीबद्दल. सर्वांत धाकटी बेला तेव्हा तीन वर्षांची होती. तिला जन्मतः अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आहे. अशी बहुतेक बाळं पहिला वाढदिवसही पाहत नाहीत. जानेवारीत ती गंभीर आजारी पडली, तेव्हा प्रचार थांबवून ते तिच्याजवळ गेले होते. ईस्टरच्या सुट्टीत तिला पुन्हा रुग्णालयात ठेवावं लागलं. रॉम्नींच्या मोहिमेने २००६ च्या पराभवाची आठवण देणारी टीव्हीवरची जाहिरात त्या काळात मागे घेतली, याचं मला कौतुक वाटलं. १० एप्रिलला गेटिसबर्गमध्ये, कुटुंबाला शेजारी घेऊन, सँटोरम यांनी मोहीम थांबवल्याचं सांगितलं. भाषणात रॉम्नींचं नावही आलं नाही; त्यांना पाठिंबा जाहीर झाला तो ७ मे रोजी, रात्री उशिरा पाठवलेल्या ईमेलमधून. त्यांची अनेक मतं मला मुळीच मान्य नाहीत. तरी आजारी लेकराच्या बापाने ‘निमित्त’ शोधलं असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

मतांचं काय झालं? माघारीनंतरही पेनसिल्व्हेनियाच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव राहिलं आणि सुमारे १८ टक्के मतं त्यांना पडली. शेजारच्या आजींनीही त्यांनाच मत दिलं. ‘मत माझं आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार,’ असं त्या माझ्या लेकीला म्हणाल्या.

त्या वर्षी सर्वांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्याची कहाणी मात्र मला अजून खुपते. ३ जानेवारीच्या रात्री रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी प्रमाणित आकडे आले, त्यांत सँटोरम ३४ मतांनी पुढे होते. तोवर विजयाचा फायदा घ्यायची वेळ निघून गेली होती. आणि तिथला कौल प्रतिनिधींवर बंधनकारकच नव्हता. प्रतिनिधी निवडायची पुढची अधिवेशनं आणखी एक प्रतिस्पर्धी रॉन पॉल यांच्या चिकाटीच्या कार्यकर्त्यांनी भरून टाकली, आणि अखेर २८ पैकी २२ प्रतिनिधींची मतं तिसऱ्या आलेल्या पॉल यांना गेली. थंडीत घराबाहेर पडून मत देणाऱ्यांवर हा अन्यायच होता. पक्षाने पुढे नियम बदलले आणि २०१६ पासून आयोवाचे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात बांधील झाले.