'रन' म्हणजे पळणं, मग नाक कुठे पळतं?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत, मराठी मीडियमला आहे. 'रन' म्हणजे पळणे असं तिने पाठ केलंय. पण आता तिला नाक रन होतं, दुकान रन करतात, इलेक्शनला माणूस रन करतो अशी वाक्यं दिसतात आणि ती गोंधळते. तिला कसं समजावू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी मुलीला सांगा की तिचं काहीच चुकलेलं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' सगळ्यात पुढे होता, ४३० अर्थ, मग 'रन'ने त्याला मागे टाकलं. एवढे अर्थ इंग्रज माणूससुद्धा पाठ करत नाही हो.

हा शब्द फार पूर्वीपासून पाण्याच्या वाहण्यालाही वापरतात, म्हणून नदी रन होते, नळ रन होतो आणि नाकही, आपण नाक वाहतंय म्हणतो तेच ना ते. पुढे मशीन आली, तीही रन व्हायला लागली, आणि इथे मला फार आवडणारी गोष्ट आहे, इंग्रजी जिथे पळतं तिथे आपली मराठी चालते! मशीन चालतं, बस चालते, दुकान चालवतात. तिला म्हणावं 'पळणे' बसत नसेल तर 'चालणे' किंवा 'वाहणे' लावून बघ, बऱ्याचदा बसतं. 'रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं, हे मात्र वेगळंच शिकायला लागेल. इलेक्शनला अमेरिकेत रन करतात, ब्रिटनमध्ये स्टँड, म्हणजे आपल्यासारखंच उभे राहतात.

आणि तिला आपलं 'लागणे' दाखवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, तो माझा मामा लागतो, एसटी फलाटाला लागते आणि घाटात गेल्यावर तीच एसटी आपल्याला लागते! हे तिने कधी पाठ केलं का? नाही, घरात ऐकून ऐकून आलं, इंग्रजी कानावर कमी पडतं एवढाच फरक आहे. म्हणून वहीत नुसता शब्द आणि अर्थ नको, पूर्ण वाक्य लिहू दे, 'माय नोज इज रनिंग' आणि खाली 'माझं नाक वाहतंय', रोज एकच, पण मोठ्याने वाचून.