आप्पांवर लिहायचंय तर आधी ट्रंक उघड

प्रिय पोरा,

तुझा मजकूर दोनदा वाचला. फौजेतल्या आपल्या आप्पांवर, तुझ्या आजोबांवर, लिहायला घेतलंस हे लय बरं केलंस, पण त्यातलं "शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या" हे काढ बाबा, आणि "शहीद" तर अजिबात लिहू नकोस. आप्पा पंचाहत्तरीत, आपल्या घरात, आजीच्या हातचं पाणी पिऊन गेले. खोटं कौतुक त्यांना जिवंतपणी खपलं नाही, आता गेल्यावर तरी का चिकटवायचं?

त्यांची ती हिरवी ट्रंक उघड. डिस्चार्ज बुक सापडेल, त्यात भरतीची तारीख, पलटण, मेडलं, सगळं असतं. मग मेडल हातात घे आणि मोबाईलचा टॉर्च कडेवर आडवा मार, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं दिसेल. 71 च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईचं संग्राम मेडल तेव्हा नोकरीत असलेल्या, मागं डेपोत राहिलेल्या माणसालापण मिळालं, पूर्वी स्टार मात्र पूर्वेच्या आघाडीवर गेलेल्यांना. आप्पांच्या छातीवर दोन्ही होती, मी बघितलीयत.

ते 1 मराठात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनीत, जंगी पलटणीत होते. डिसेंबर 71 मध्ये ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागं गेली आणि टांगाइलकडं जाणारा रस्ता अडवून बसली. आत जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच पलटण होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर त्यांच्या कर्नल सुलतान अहमदनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडायला बाहेर पडले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले, आणि तिथंच अडले. जमालपूर आज पलटणीच्या युद्धसन्मानात आहे. एवढं लिहिलंस तरी वाचणाऱ्याला कळतं की. त्या रात्री आप्पांनी स्वतः काय केलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, तुलाही नाही, मग ते आपण मनानं रचायचं नाही. बरोबरचा कोण हयात असेल तर त्याला जाऊन भेट, पण "किती मारले" असं विचारू नकोस रे. थंडी किती होती, खायला काय मिळायचं, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, हे विचार. माणूस आपोआप बोलतो.

आणि एक, तुझ्या मजकुरात शेती एका ओळीत उरकलीयस. अरे, लढाई 3 ते 16 डिसेंबर, आणि रान चाळीस वर्षांच्या वर! लढाईवरून सुट्टीला आले ते 72 च्या दुष्काळात, गावात बायामाणसं खडी फोडत होती, पोरं सुकडी खात होती, घरात मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी. पंधरा वर्षं नोकरी करून पेन्शनीत आले आणि पहिल्यांदा विहिरीला हात घातला, तो का, हे त्या दुष्काळाशिवाय कळायचं नाही. भाऊबंदांनी दरसाल बांध कोरला, आप्पांनी उलटा कधी कोरला नाही. आमच्या भावकीत असली माणसं बोटावर मोजण्याइतकी. आणि जुनी कालनिर्णयं रद्दीत घालू नकोस, मागच्या कोऱ्या जागेत त्यांनी पाऊस कधी पडला, शाळू कधी पेरला, कुणाची मजुरी किती दिली, सगळं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

आता आजीचं बघ, लिहिणं थांबलं तरी चालेल पण हे थांबवू नकोस. मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि डिस्चार्ज बुक घेऊन साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, फॅमिली पेन्शनचं तिथं सांगतील. आजीचं नाव पीपीओत एक आणि आधारवर दुसरं असं आपल्याकडं घरोघरी आहे, तसं निघालं तर मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून आजच बघ. वारस नोंदीचं तलाठ्याकडं तीन महिन्यांच्या आत कळव, आणि सातबाऱ्यावर आजीचं आणि आत्यांचं नाव लागलंच पाहिजे, कोण काही म्हणू दे. सगळ्याच्या झेरॉक्स काढ, मूळ कागद कुणाच्या हातात देऊन येऊ नकोस.

गुरुवारी मी साताऱ्यात आहे, सोबत यायचं असेल तर आदल्या रात्री फोन कर.

तुझा,
काका