बार्शी लाईट रेल्वे कोणी आणि कशासाठी बांधली? त्या भागाला तिचा काय उपयोग झाला?

माझं आजोळ बार्शीचं. त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं वेचायची आणि पुन्हा चढायचं, हा बार्शी लाईटवरचा विनोद मामा दर सुट्टीत सांगायचे. पण 'लाईट' म्हणजे खेळण्यातली गाडी नव्हे. रूळ हलके, म्हणून लाईट.

मुंबई-मद्रास मुख्य लाईन सोलापूरकडे जाताना बार्शीला बगल देऊन गेली. बार्शी तेव्हा मोठी पेठ होती. बालाघाटावरचा आणि निजामाच्या मुलखातला कापूस, करडई, जवस बैलगाड्यांनी तिथे येऊन पडायचं. स्टेशन मात्र पस्तीसेक किलोमीटर लांब, आणि त्याचं नाव 'बार्शी रोड'! तीच आजची कुर्डुवाडी. पावसाळ्यात काळ्या मातीतून गाड्या हाकणाऱ्यांना ते नाव चेष्टाच वाटत असेल.

हे अंतर जोडायला पुढे आला एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरी केलेला इंग्रज इंजिनियर. त्याचं म्हणणं असं, की रुळाला गाडीच्या एकूण वजनाची नाही, एकेका ॲक्सलवर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) किती भार येतो त्याची फिकीर असते. म्हणून त्याने इंजिन असो वा वाघीण (मालाचा डबा), ॲक्सलमागे ५ टनांची मर्यादा घातली. मग अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे रूळ पुरले, आणि चाकं वाढवून मालही भरपूर नेता आला. १८९५ मध्ये कंपनी निघाली, १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावली. (याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं. डोकं एका जागी राहणारं नव्हतं.)

१९०६ मध्ये दुसरी शाखा पंढरपूरला पोचली. कापूस हंगामी, विठोबा बारमाही! वारीच्या गर्दीला डबे पुरायचे नाहीत, तेव्हा मालाच्या वाघिणीही माणसांसाठी जोडायचे. १९११ मध्ये गाडी निजामाच्या हद्दीतल्या लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. लातूरच्या आडतीला मुंबईची वाट मिळाली ती या रुळांवरून. डाळ मिलचं आणि तेलबियांचं लातूर नंतर फोफावलं, त्यात रस्त्यांचा आणि बाजार समितीचाही वाटा आहे, पण पहिलं दार हेच.

आता दुखणं. गेज वेगळा, म्हणजे कुर्डुवाडीत छोट्या वाघिणीतलं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत. वेळ जायचा, हमाली जायची, पोती फाटायची. मिरजेलाही तेच, १९७१ नंतर तर तिथे ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एकत्र नांदले. रेल्वेवेड्यांना ती पर्वणी, व्यापाऱ्याला डोकेदुखी. ट्रक आल्यावर माल रुळावरून उतरला याचं नवल नाही. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण गेज बदलायला जवळपास अर्धं शतक लागलं. माझ्या मते या भागावर खरा अन्याय झाला तो इथे. जी रचना १८९७ मध्ये शहाणपणाची होती, तीच पुढे गळ्यातलं लोढणं झाली.

रुंदीकरण २००२ च्या सुमारास कुर्डुवाडी-पंढरपूरपासून टप्प्याटप्प्याने झालं. त्यात उस्मानाबादचं (आताचं धाराशिव) भाग्य उघडलं. जुनी गाडी जिल्ह्याच्या या गावाला टाळून येडशीवरून जायची. नवी लाईन वळवून गावापर्यंत आणली.

आणि २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? लातूर कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून गाडी आली. १२ एप्रिलला पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी याच जुन्या वाटेने आली. वाटेत कुठेही पाणी एका वाघिणीतून दुसरीत ओतावं लागलं नाही. मामांना फोन केला, तर म्हणाले, "नॅरो असती तर कुर्डुवाडीत बादल्या लावाव्या लागल्या असत्या रे."