मध्ययुगीन कॅथेड्रलमधील रंगीत काचा म्हणजे निरक्षरांसाठी काढलेले बायबल, हे कितपत खरे आहे?

मध्ययुगात सामान्य माणसाला वाचता येत नसे, म्हणून चर्चच्या खिडक्यांवर बायबलमधील गोष्टी चितारल्या जात, असे सर्रास सांगितले जाते आणि त्यात तथ्य किती, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ते निम्मे खरे आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या आधारे उत्तर देतो, कारण १२व्या आणि १३व्या शतकांतील काचा इतक्या मोठ्या संख्येने जागच्या जागी टिकून राहिल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. तेथे १७६ खिडक्या असून रंगीत काचेचे क्षेत्रफळ सुमारे २६०० चौरस मीटर भरते.

मुळात ही कल्पना पोप ग्रेगरी पहिला याच्याकडून आली. इ. स. ६००च्या सुमारास मार्सेयचा बिशप सेरेनस याने लोक मूर्तिपूजक होतील या धास्तीने चर्चमधील चित्रे फोडून टाकली, तेव्हा ग्रेगरीने त्याला पत्र लिहून कळवले की वाचणाऱ्याला जे ग्रंथातून मिळते ते न वाचणाऱ्याला चित्रातून मिळते. हे वचन पुढे इतके चलनात आले की ते चित्रांच्या बचावासाठी लिहिले होते, शार्त्रच्या काचा घडण्याच्या सहाशे वर्षे आधी लिहिले होते, याचा लोकांना विसर पडला.

शार्त्रला लोक खिडक्या पाहायला येत नव्हते, ते पवित्र मारियेच्या वस्त्रासाठी येत होते. येशूच्या जन्माच्या वेळी मारियेने नेसलेले म्हणून मानले जाणारे हे वस्त्र सम्राट शार्ल द बाल्ड याने ८७६ मध्ये येथे अर्पण केले, अशी परंपरा आहे. १० जून ११९४च्या रात्री आग लागून बिशप फुल्बेरच्या काळापासून उभे असलेले कॅथेड्रल जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाले. तळघर, पश्चिमेचा दर्शनी भाग आणि त्याचे मनोरे तेवढे वाचले. वस्त्रही गेले असे समजून गाव हवालदिल झाले होते, परंतु त्या काळच्या वृत्तान्तानुसार तिसऱ्या दिवशी काही धर्मगुरू ते वस्त्र सुखरूप घेऊन तळघरातून वर आले. मग मारियेला याहून मोठे घर हवे आहे, असा त्या घटनेचा अर्थ लावला गेला आणि पैसा उभा राहिला. इमारतीचा मुख्य भाग १२२०च्या सुमारास, म्हणजे पाऊणशे-शंभर वर्षे चालणाऱ्या अशा कामांच्या मानाने फारच लवकर, उभा राहिला, आणि २४ ऑक्टोबर १२६० रोजी राजा लुई नववा याच्या उपस्थितीत अभिषेकविधी झाला.

एवढी काच बसवणे शक्य झाले ते बांधणीतील एका धाडसामुळे. छत सुमारे ३७ मीटर उंचीवर आहे, आणि त्याचा बाहेर ढकलणारा जोर भिंतीने न पेलता बाहेरून टेकू देणाऱ्या फ्लाइंग बट्रेस या कमानींनी पेलला आहे. भिंत अशी मोकळी झाल्यावर जुन्या चर्चमध्ये बाजूच्या कमानींवर जो सज्जाचा मजला असे तो वगळून वरच्या खिडक्या उंच करता आल्या.

आता काचेकडे वळतो. काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो तेव्हा दक्षिणेकडील बाजूच्या मार्गिकेतील एका खिडकीपुढे लहान दुर्बीण घेऊन तासभर उभा होतो. ही चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याची, म्हणजे येशूने सांगितलेल्या एका बोधकथेची खिडकी. ती खालून वर वाचायची असते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळत नाही; मीही वरूनच सुरुवात केली होती आणि काही केल्या गोष्ट लागेना. अगदी तळाशी जोडे शिवणारे कारागीर बसलेले दिसतात. त्यांच्या वर यरुशलेमहून निघालेला वाटसरू, त्याला लुटून मारणारे चोर, बघूनही पुढे निघून जाणारे याजक आणि लेवी (मंदिराचे सेवक), आणि शेवटी जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेणारा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांताचा परका माणूस. येथवर गोष्ट सरळ आहे. परंतु त्याच्या वरच्या चौकटीत देव आदामाला घडवतो आहे, पुढे हव्वा, निषिद्ध फळ, बागेतून हकालपट्टी, काइन आणि हाबेल, आणि टोकाला सिंहासनावरचा ख्रिस्त.

दाखल्याच्या डोक्यावर आदाम का, हे चित्र पाहून कोणालाही उमगणार नाही. त्यासाठी चर्चच्या प्राचीन आचार्यांचे भाष्य ठाऊक हवे: वाटसरू म्हणजे पतित झालेला आदाम, अर्थात सारी मानवजात, यरुशलेम म्हणजे नंदनवन, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. ही खिडकी निरक्षरासाठी सोपी करून सांगितलेली गोष्ट नाही, तर लॅटिन ग्रंथांत मुरलेल्या माणसाने रचलेले निरूपण आहे. व्यासपीठावरून किंवा खिडकीपाशी उभे राहून कोणी ते उलगडून सांगितले, तरच मेंढपाळाला किंवा विणकराला त्यातले काही मिळणार. ते सांगितले जात असणार असे मला वाटते, म्हणूनच मी वर ‘निम्मे खरे’ म्हटले.

असा माणूस शार्त्रमध्ये मिळणे अवघड नव्हते, कारण कॅथेड्रलची पाठशाळा युरोपात नावाजलेली होती. पश्चिमेच्या ‘राजद्वारा’च्या उजव्या कमानीवर व्याकरण, संगीत, भूमिती आदी सात विद्या स्त्रीरूपात कोरलेल्या आहेत आणि त्यांच्यासोबत प्राचीन विद्वान आपापल्या फळीवर वाकून लिहीत बसले आहेत, ख्रिस्ती मंदिराच्या दारात ख्रिस्तपूर्व काळातील तत्त्वज्ञांना मिळालेले हे स्थान मला आजही चकित करते. याच पाठशाळेतील बर्नार म्हणत असे की आपण दिग्गजांच्या खांद्यावर बसलेले खुजे आहोत, म्हणून त्यांच्यापेक्षा दूरचे पाहतो. हे वचन जॉन ऑफ सॉल्झबरी या इंग्रज विद्वानाने नोंदवून ठेवले, आणि तो स्वतः ११७६ ते ११८० या काळात शार्त्रचा बिशप होता. दक्षिणेच्या गोल खिडकीखाली मत्तय, मार्क, लूक आणि योहान हे शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे, यशया, दानीएल, यिर्मया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांच्या खांद्यांवर अक्षरशः बसलेले दाखवले आहेत. बर्नारच्या वचनाशी या चित्राचा संबंध पुष्कळजण जोडतात. मी तो एक सुंदर तर्क म्हणूनच घेतो.

तळाशी दिसणाऱ्या कारागिरांबद्दलही सावध राहावे. पाणके, लोहार, सुतार, कातड्याच्या उबदार वस्त्रांचे व्यापारी असे अनेक धंदे खिडक्यांच्या पायथ्याशी आहेत, आणि धंद्यांच्या संघांनी वर्गणी काढून त्या दिल्या असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. अलीकडच्या काही इतिहासकारांना हे पटत नाही. नगरातील आदर्श सुव्यवस्था दाखवण्यासाठी धर्मगुरूंनीच ती चित्रे योजली असावीत, असे ते म्हणतात. राजघराण्याच्या देणग्यांबाबत मात्र शंका नाही. उत्तरेच्या गोल खिडकीत लुई नववा याची आई राणी ब्लांश हिच्या कास्तील घराण्याचे किल्ले आणि फ्रान्सची लिलीची फुले स्पष्ट दिसतात.

आपल्या प्रश्नातील गृहीतकाला सर्वांत मोठा छेद देणारी गोष्ट वर पाहिल्यावर कळते. उंचावरील बहुतेक खिडक्यांत गोष्ट नाहीच, एकेक संत किंवा संदेष्टा पूर्ण उंचीचा उभा आहे, कारण तेवढ्या अंतरावरून बारीक प्रसंग दिसणार नाहीत याची रचनाकारांना पूर्ण जाणीव होती. २००९ पासूनच्या स्वच्छतेत भिंतींवरची काजळी काढून त्या फिकट रंगवल्या गेल्या आणि त्यावर बराच वाद झाला. मला तो बदल पूर्णपणे रुचलेला नाही, कारण निळी काच अंधारातच जास्त पेटते.

त्या निळ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘बेल व्हेरिएर’ नावाची मारियेची खिडकी. तिचा मधला भाग ११८०च्या सुमाराचा, आगीतून वाचलेला. पुढील शतकात त्याभोवती देवदूत बसवून तो नव्या इमारतीत उभा केला गेला. लाल पार्श्वभूमीवर फिकट निळ्या वस्त्रातील मारिया आणि तिच्या मांडीवर बाळ. तिच्या पायाखाली काना गावचे लग्न आणि सैतानाने ख्रिस्ताला घातलेली भुरळ हे प्रसंग लहान लहान चौकटींत आहेत. मी होतो तेवढ्या वेळात लोक येत, मान वर करून मारियेकडे पाहत, काही जण हात जोडत आणि पुढे जात. खालच्या चौकटी वाचताना मला कोणी दिसले नाही. मी स्वतः त्या दुसऱ्या दिवशी पाहिल्या.