मुलगा म्हणतो, डोंगरातले फोटो काढून जगेन

‘डोंगरात हिंडून फोटो काढणं हे काय काम झालं का, मॅडम? त्यावर संसार चालतो का?’

सातारा, वाई, कराड या पट्ट्यातले आई-वडील हल्ली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला बरेचदा येतात. त्यात नवल नाही. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात आपलं कास पठारही आलं. यवतेश्वरच्या घाटातली हिल मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध झाली. पाचगणीला पॅराग्लायडिंग, धबधब्यांवर दोराने खाली उतरायचं रॅपलिंग, शनिवार-रविवारी गडांवर ट्रेकचे ग्रुप. एवढं सगळं दाराशी आल्यावर एखाद्या पोराला वाटणारच, की हे सगळं टिपून आपण पोट भरू.

अशाच एका घराची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

वडील सैन्यातून निवृत्त झालेले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणारे, कमी बोलणारे गृहस्थ. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला. महिन्यातले सगळे रविवार सह्याद्रीत. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलेला, फक्त पाठवायचा बाकी. कॅमेरा, सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स आणि ड्रोन यांसाठी त्याला वडिलांच्या फंडातून चार लाख हवे होते.

‘पैसे देतो की मी,’ वडील म्हणाले. ‘पोवई नाक्याला गाळा बघितलाय. स्टुडिओ टाक म्हणतोय. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. पण हा ऐकत नाही.’

मुलगा खाली बघून म्हणाला, ‘आण्णा, मला स्टुडिओ टाकायचा नाहीये.’

आईचं भांडण पैशाशी नव्हतंच. ‘हा कड्याच्या टोकाला उभा राहून डोळा कॅमेऱ्याला लावतो. पाय कुठं पडतोय ते कळतं का याला?’

एका खोलीत तीन वेगवेगळ्या चिंता होत्या आणि तिघेही एकाच चिंतेवर भांडतोय असं समजत होते. माझ्या कामात हे नेहमीचं. वडिलांना मुलाला काय हवंय याचं चित्रच दिसत नव्हतं, आईला ते नको इतकं स्पष्ट दिसत होतं.

मुलाला मी एकट्याला बोलावलं आणि फोटो दाखवायला सांगितले नाहीत. तो टॅब घेऊन आला होता, जरा हिरमुसला. फोटो उत्तम असणार हे मी गृहीत धरलं होतं. या जिल्ह्यात उत्तम फोटो काढणाऱ्यांची वानवा नाही. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअरही मी उत्पन्नाचा पुरावा मानत नाही. त्याला विचारलं, ‘गेल्या वर्षभरात कॅमेऱ्यामुळे हातात आलेले पैसे कुणी कुणी दिले? फक्त तेवढं लिही.’

त्याने लिहिलं: एक ट्रेक ग्रुप, एका शर्यतीच्या आयोजकांचा दिवसाचा मेहनताना, एका पॅराग्लायडिंगवाल्याकडून थोडे. बेरीज फारच लहान आली. मग बँकेचा तपशील उघडायला लावला, तेव्हा यादीत नसलेली एक मोठी रक्कम निघाली. पाचगणीच्या एका रिसॉर्टने खोल्यांचे, नाश्त्याच्या टेबलाचे आणि पोहण्याच्या तलावाचे फोटो काढून घेतले होते. बाकी तिघांनी मिळून दिले त्याच्यापेक्षा जास्त पैसे त्या एका कामाचे.

‘हे का नाही लिहिलंस?’

‘ते काय खरं काम नाही, मॅडम. गाद्या-उशांचे फोटो आहेत.’

पुढे सगळं याच धाग्याने उलगडत गेलं. त्याच्या डोक्यात दोन कप्पे होते. डोंगर म्हणजे खरं काम. रिसॉर्ट, लग्न, कारखान्यातल्या सुट्या भागांचे फोटो म्हणजे हार. लग्नाच्या तीन ऑर्डरी त्याने परतवल्या होत्या, आणि घरी मात्र ‘कामच मिळत नाही’ असं सांगत होता. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. लग्नं त्याच्या हिशोबात कामात धरलीच जात नव्हती.

गॅलन रॉवेल हे अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार या क्षेत्रातलं फार मोठं नाव. त्यांचं मोटारींच्या दुरुस्तीचं छोटंसं गॅरेज होतं. ते विकून १९७२ साली, वयाच्या बत्तिशीच्या आसपास, ते पूर्ण वेळ छायाचित्रणात उतरले. तोवर डोंगर आणि गॅरेज जोडीने चाललं. मी मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याला रॉवेल यांचे फोटो तोंडपाठ होते, गॅरेज ठाऊक नव्हतं. आपण थोरांची शिखरं पाठ करतो, त्यांचं घरभाडं कोण भरत होतं हे विचारत नाही.

पण त्याची एक भीती मला खरी वाटली. ‘सगळंच धंद्यासाठी काढायला लागलो तर मला आवडेनासं होईल.’ मानसशास्त्रात याला आधार आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंस तर बक्षीस देऊ, असं काहींना आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. गंमत अशी, की ज्यांना आधी काही न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची गोडी कमी झाली नाही. बालवाडीतला प्रयोग सव्विशीच्या माणसाला जशाच्या तसा लावता येत नाही, हे त्यालाही सांगितलं. तरी त्यातून एक सोय काढता आली. महिन्यातला एक रविवार बिनगिऱ्हाइकाचा. त्या दिवशीचे फोटो विकायचे नाहीत, इन्स्टाग्रामवर टाकायचेही नाहीत.

नंतर बसलो वर्षाचा कागद घेऊन. बारा महिन्यांचे बारा चौकोन. साताऱ्यात या कामाला ऋतू आहे आणि तो निर्दयी आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर कासची फुलं आणि शर्यतीचा हंगाम. थंडीत गड, जंगलातला वासोटा किल्ला, ट्रेकचे ग्रुप. मात्र वासोट्यासाठी बामणोलीहून होडी आणि वनखात्याची परवानगी, पावसाळ्यात तो बंदच. मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीला गर्दी. जून-जुलैला मात्र हा माणूस काय करणार? धुक्यात काही दिसत नाही, पॅराग्लायडिंग थांबलेलं, आणि दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते. ते दोन चौकोन कोरे राहिले आणि त्याने पहिल्यांदाच राजीनाम्याचा विषय काढला नाही.

शर्यतीचं काम त्यानेच मला समजावून दिलं. घाटात उजाडायच्या आत जागा धरायची. दरी मागे येईल असं वळण निवडायचं. चेहरा दिसला पाहिजे, छातीवरचा नंबर वाचता आला पाहिजे, दोन्ही पाय हवेत असले तर उत्तम, आणि शेजारच्याचं कोपर मध्ये येता कामा नये. लोक डोंगराचा फोटो विकत घेत नाहीत, डोंगरातला आपला फोटो घेतात. हे तो बोलून गेला आणि थांबला. इतके दिवस तो माणूस नसलेले कडे दाखवून गिऱ्हाइकं शोधत होता.

खर्चाच्या बाजूला त्याने उपकरणांचे हप्ते आणि पेट्रोल लिहिलं होतं. बाकीची भर मी घातली. ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या वरचा असेल आणि धंद्यासाठी उडवायचा असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. संरक्षित किल्ले आणि अभयारण्यांच्या परवानग्या वेगळ्या. आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाचायला सांगितली, कारण साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळणारं कलम त्यात सर्रास असतं. दोरावर लटकून फोटो काढणारा त्यात मोडतो का, हे कंपनीकडून लेखी घ्यायचं. चढाईचं शिक्षण हा आईच्या चिंतेवरचा मार्ग निघाला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स अठ्ठावीस दिवसांचा असतो. ‘तो करून ये, मग कड्यावर जा,’ आई म्हणाली. वडिलांनी मान डोलावली. शिस्तीचा विषय निघाला की ते लगेच बायकोच्या बाजूला.

अजून एक ओळ मी मुद्दाम लिहायला लावली: घरभाडं आणि जेवण. तो म्हणाला, ‘ते कशाला? घरीच राहणार ना मी.’ म्हटलं, म्हणूनच. साताऱ्यात दोन खोल्यांना काय भाडं पडेल, डबा लावला तर किती, तेवढा आकडा लिही आणि समोर लिही: आई-आण्णांकडून. वर्षाची बेरीज चार लाखांच्या निम्म्याजवळ गेली.

पुढच्या भेटीत हा कागद वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ वाचला. मी काही बोलले नाही. ‘म्हणजे आम्ही भागीदार झालो की,’ ते म्हणाले. त्यानंतर गाळ्याचा विषय त्या बैठकीत निघाला नाही. मुलगा आपल्याला विचारत नाही, याचं त्यांना दुःख होतं. स्टुडिओ हा विचारलं जाण्याचा एक मार्ग होता, असं मला वाटतं. घरचं छप्पर हे भांडवल आहे. अशा धंद्यात उतरणाऱ्या बहुतेक मुलांना ते फुकट मिळतं आणि हिशोबात कुठेच दिसत नाही, मग आई-वडील ‘अडवणारे’ तेवढे उरतात.

ठरलं ते असं. चार लाखांऐवजी दीड लाख, उसने, परतफेडीच्या तारखेसह. लेन्स जुनी घ्यायची, ड्रोन लागेल तेव्हा भाड्याने आणायचा आणि तो उडवायला प्रमाणपत्रवालाच माणूस बोलवायचा. आठ महिन्यांचा खर्च बँकेत जमेपर्यंत नोकरी सोडायची नाही. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या.

यातली शेवटची अट त्याला सर्वांत जड गेली. पहिल्या लग्नानंतर तो वैतागून आला. मी विचारलं, अवघड काय होतं? तर म्हणाला, अक्षता पडताना जागा मिळत नाही, नातेवाईक मोबाइल घेऊन मध्ये येतात, प्रकाश घाणेरडा, आणि तो क्षण परत येत नाही. घाटातल्या शर्यतीतही हेच असतं ना, असं विचारल्यावर हसला. कप्पे एका भेटीत मोडत नाहीत, पण त्यांना भेग पडली.

नोकरी सोडल्यानंतरचा पहिला जून वाईट गेला. एका पर्यटन कंपनीने ‘पैसे नंतर बघू, तुमचं नाव टाकू’ म्हणून काम करून घेतलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने पैसे दिले, पण एका दिवसाच्या कामाचे फोटो पुढे होर्डिंगवर, कॅलेंडरवर, सगळीकडे वापरले. तो संतापून वकिलाकडे गेला. तिथे कळलं, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ त्याच्या बाजूने फारसं नाही: मोबदला देऊन कुणी सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. स्वतःच्या मनाने काढलेला फोटो स्वतःचा. हक्क दुसऱ्याला लिहून दिले आणि त्यात मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. तेव्हापासून तो एक पानाचा करार पाठवतो: फोटो कुठे, किती काळ वापरणार, निम्मे पैसे आगाऊ. काही गिऱ्हाइकं करार बघूनच पळाली. ‘पळू देत,’ हे आण्णांचं मत.

त्या कोऱ्या चौकोनांत आता साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचं काम आहे. यंत्रांच्या सुट्या भागांचे फोटो. ड्रॉइंग वाचता येणारा फोटोग्राफर त्यांना मिळत नव्हता, याला ते येतं. इंजिनिअरिंग वाया गेलं म्हणून हळहळणाऱ्या आईला याचं समाधान मोठं आहे.

मग पोट भरतं का? भरतं, पण पुण्याच्या पगाराएवढं अजून नाही, आणि घरभाड्याची ती ओळ अजून आई-आण्णांच्याच नावावर आहे. निव्वळ डोंगरातल्या कामाचा वाटा निम्म्याहून कमी. मला विचाराल तर हे या धंद्याचं सर्वसाधारण रूप आहे. पूर्णपणे साहसी छायाचित्रणावर जगणारे फार थोडे. त्यांच्याकडे बघून घरातला निर्णय घेऊ नये, आणि ते थोडे आहेत म्हणून पोराला गाळ्यातही बसवू नये. तुमच्या घरी हा वाद चालू असेल तर आधी गेल्या वर्षीचे पैसे कुणी दिले ते लिहायला लावा. एकही रुपया आला नसेल तर राजीनामा लांबवा. आला असेल तर कशाचा आला ते नीट बघा, उत्तर बहुधा तुमच्या आणि मुलाच्याही अपेक्षेपेक्षा वेगळं निघेल.

स्थळांचा प्रश्न या घरात सुटलेला नाही. दोन ठिकाणांहून ‘नोकरी का सोडली’ विचारून नकार आले, त्यावर आई अजून रडते. दीड लाखातले साठ हजार फिटायचे आहेत. पुढच्या भेटीचा विषय मुलानेच सुचवलाय: एका कारखान्याने आठवड्यातले तीन दिवस डिझाइनच्या कामाला बोलावलंय, ते घ्यायचं की नाही. आण्णांचं म्हणणं, घेऊ नकोस. आई म्हणते, घे.